गॉसपोर्टचे मास्तर

पहिल्या महायुद्धातल्या हवाई लढायांची गोष्ट निघाली की नावं ठरलेली असतात. जर्मनांचा रिख्टहोफेन, इंग्रजांचा अल्बर्ट बॉल आणि आपल्याकडचा, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी फ्रान्सच्या आकाशात कामी आलेला इंद्रलाल रॉय. कुणी किती विमानं पाडली याचे तक्ते आजही मोठ्या चवीनं वाचले जातात. रॉबर्ट रेमंड स्मिथ-बॅरी हे नाव त्या तक्त्यांच्या वरच्या ओळींत सापडायचं नाही. ते लढले, जायबंदी झाले, एका लढाऊ स्क्वॉड्रनचे प्रमुखही झाले. पण त्यांचं खरं काम आघाडीपासून दूर, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या गॉसपोर्टच्या धावपट्टीवर झालं आणि ते शिकवण्याचं होतं. १९१७ साली त्यांनी विमान शिकवण्याची जी रीत तिथे बसवली, ती पुढे जगभरच्या हवाई दलांनी उचलली. या रीतीचं श्रेय बहुतेक वेळा एका बोलनळीला आणि एका विमानाला देऊन लोक मोकळे होतात. माझं म्हणणं असं की नळी आणि विमान ही नुसती साधनं होती. स्मिथ-बॅरींनी बदलली ती शिक्षकाची धोक्याकडे पाहण्याची दृष्टी. शिकाऊला धोक्यापासून लांब ठेवलं की तो सुरक्षित राहतो, असा तोवरचा समज होता. त्यांनी तो मोडीत काढला आणि धोका हाच अभ्यासक्रमाचा मुख्य धडा केला. त्यांच्या शिष्यांनी त्यांच्यावर जीव टाकला, तोही याच कारणानं.

ही उलथापालथ केवढी होती ते कळायचं तर आधीची स्थिती पाहायला हवी. ब्रिटनचं रॉयल फ्लाइंग कोअर १९१२ मध्ये स्थापन झालं आणि त्याच वर्षी अपाव्हन इथे सेंट्रल फ्लाइंग स्कूल उघडलं. तेव्हा शिकणारे मोजके होते, विमानं नाजूक होती आणि वारा पडला तरच उडायचं असा शिरस्ता होता. १९१४ मध्ये युद्ध पेटलं आणि दोन वर्षांत वैमानिकांची मागणी अनेक पटींनी वाढली. शिकवण्याची पद्धत मात्र तीच राहिली. मॉरिस फार्मन बनावटीच्या, मागे पंखा असलेल्या संथ विमानात शिकाऊला मागच्या जागेवर बसवायचं. त्यानं शिक्षकाच्या खांद्यावरून वाकून पाहायचं, जमलं तर दांड्यावर हात ठेवायचा. आणि थोड्याच तासांनी त्याला एकट्याला सोडून द्यायचं. एकदा तो एकटा उडून धड खाली उतरला की शिक्षकाचं काम संपलं. तीव्र वळण घेऊ नकोस, वाऱ्यात जाऊ नकोस, नाक फार वर उचलू नकोस, अशी नकारांची यादी हाच अभ्यासक्रम. शिक्षक तरी कोण? आघाडीवर मन आणि शरीर थकलेल्या वैमानिकांना विश्रांती म्हणून या कामावर पाठवत. त्यांना शिकवण्यात रस नव्हता आणि शिकाऊच्या हाती विमान देण्याची भीती वाटत होती. शिकाऊंना ते आपसांत ‘हूण’ म्हणत. हे खरं तर शत्रूचं, जर्मनांचं टोपणनाव. पण शिकाऊही तितकाच जीवघेणा, असा त्यांचा हिशेब. अशा शाळांतून पंधरा-वीस तासांचं उड्डाण गाठीशी बांधून तरुण पोरं फ्रान्सला जात आणि पहिल्या काही आठवड्यांतच त्यांतली कितीतरी संपत.

स्मिथ-बॅरी या जुन्या पद्धतीतूनच घडलेले. जन्म १८८६चा, घर खानदानी, शिक्षण ईटनला. १९११ मध्ये ते विमान शिकले आणि अपाव्हनच्या पहिल्या तुकडीत दाखल झाले. त्याच तुकडीत चाळिशीला टेकलेला एक मेजर शिकत होता, ह्यू ट्रेंचर्ड. पुढे फ्रान्समधल्या ब्रिटिश हवाई दलाची सूत्रं त्याच्याकडे आली आणि ही वर्गसोबत इतिहासाच्या कामी आली. ऑगस्ट १९१४ मध्ये स्मिथ-बॅरी पाचव्या स्क्वॉड्रनबरोबर फ्रान्सला गेले. लढाई धड सुरूही झाली नव्हती. १८ ऑगस्टला पेरोन गावाजवळ त्यांचं बी.ई. ८ विमान कोसळलं. बरोबरचा कॉर्पोरल गिअर्ड ठार झाला आणि स्मिथ-बॅरींचे दोन्ही पाय मोडले. जर्मन फौजा जवळ येत होत्या, म्हणून तशाच अवस्थेत त्यांना इस्पितळातून निघावं लागलं. पाय बरे झाले, पण लंगडेपणा जन्माचा राहिला. या अपघाताला मी महत्त्व देतो, ते त्यातल्या करुणेसाठी नव्हे. विमान पडतं तेव्हा ते का पडतं, हा प्रश्न ज्याच्या हाडांना विचारला गेला होता, असा हा शिक्षक होता. विमान बेभरवशाचं असतं, नशिबाचा खेळ असतो, असं म्हणून गप्प बसणं त्या काळी सोपं होतं आणि सगळे तसंच म्हणत. स्मिथ-बॅरी मात्र पुन्हा विमानात बसले आणि पडण्यामागचं कारण शोधू लागले.

१९१६ मध्ये ते साठाव्या स्क्वॉड्रनमध्ये फ्लाइट कमांडर म्हणून फ्रान्सला परतले. स्क्वॉड्रनला मिळाली होती मोरान बनावटीची विमानं, वेगवान पण अतिशय हळवी. दांडा किंचित जास्त हलला की उसळणारी. १ जुलैला सोमची लढाई सुरू झाली आणि ३ जुलैला स्क्वॉड्रनचे प्रमुख मेजर वॉल्ड्रन मारले गेले. सूत्रं स्मिथ-बॅरींकडे आली. पुढच्या महिनाभरात स्क्वॉड्रनची इतकी चाळण झाली की ट्रेंचर्डना ते आघाडीवरून मागे घ्यावं लागलं. नंतर नवी न्यूपोर विमानं आली, अल्बर्ट बॉल याच स्क्वॉड्रनमध्ये दाखल झाला आणि स्मिथ-बॅरींनी त्याला एकट्यानं शिकार करण्याची मोकळीक दिली. पण बॉलसारखा एखादाच. इंग्लंडहून येणारी बाकीची पोरं पाहून त्यांचा जीव कासावीस होई. ज्या विमानात लढायचं त्यात या पोरांनी कधी पाऊल ठेवलेलं नसे, वळणं घेताना हात थरथरत आणि शत्रू दिसण्याआधी त्यांना आपल्याच विमानाची धास्ती असे. अशांना आघाडीवर पाठवणं म्हणजे त्यांचा बळी देणं आहे, असं स्मिथ-बॅरींचं ठाम मत झालं. त्यांनी ट्रेंचर्डना पत्रांमागून पत्रं लिहिली. शाळा कशा सडल्या आहेत, शिक्षक कसे निवडावेत, दुहेरी नियंत्रणाची विमानं कशी वापरावीत, सगळं खरमरीत भाषेत. वरिष्ठावर पत्रांचा भडिमार करणारा मेजर एरवी दूर कुठेतरी फेकला गेला असता. ट्रेंचर्डनी वेगळं केलं. इतकं कळतं तर करून दाखवा, अशा बेतानं त्यांनी डिसेंबर १९१६ मध्ये स्मिथ-बॅरींना इंग्लंडला पाठवलं आणि गॉसपोर्टच्या पहिल्या रिझर्व्ह स्क्वॉड्रनचा ताबा दिला.

गॉसपोर्टला ग्रेंज नावाचा जुना किल्ला होता. अधिकाऱ्यांची वस्ती तिथे आणि शेजारी उड्डाणाचं मैदान. स्मिथ-बॅरींनी पहिला बदल केला तो बसण्याच्या जागेचा. शिकाऊ पहिल्या दिवसापासून वैमानिकाच्याच जागेवर बसेल आणि दांडा, रडर म्हणजे शेपटीचं सुकाणू, इंजिनाच्या कळा, सगळं त्याच्या हाताखाली असेल. शिक्षक दुसऱ्या जागेवर, त्याच्याकडेही तीच साधनं. दुसरा बदल याहून मोठा. शिकाऊ एकट्यानं उडाला की दुहेरी शिक्षण थांबायचं, ते आता तिथून खऱ्या अर्थानं सुरू होऊ लागलं. एकदा एकट्यानं उड्डाण, मग पुन्हा शिक्षकाबरोबर अवघड धडा, मग तोच धडा एकट्यानं, अशी आवर्तनं. तीव्र वळणं, आडव्या वाऱ्यातली उड्डाणं आणि उतरणं, इंजिन बंद पडलं तर शेतात उतरणं, विमानाचा वेग मुद्दाम इतका कमी करणं की पंखांना हवेचा आधार सुटावा. जे जे पूर्वी निषिद्ध होतं ते ते आता वेळापत्रकात आलं. शिकाऊला कसरतींची मनाई राहिली नाही, उलट उत्तेजन मिळालं. त्यांनी आपल्या टिपणांत हेतू स्पष्ट मांडला होता: शिकाऊ अडचणीत सापडू नये ही खटपट करायची नाही, अडचणीतून सुखरूप बाहेर कसं पडायचं ते त्याला दाखवायचं आणि मग तेच त्याच्याकडून एकट्यानं करवून घ्यायचं. आपल्याकडे पोराला पोहायला शिकवताना जाणता माणूस त्याला विहिरीच्या काठावर बसवून व्याख्यान देत नाही. पाठीला डबा बांधून पाण्यात सोडतो आणि स्वतः जवळ पोहत राहतो. गॉसपोर्टचं तत्त्व याहून निराळं नव्हतं. शिक्षक जवळ असतानाच बुडण्याचा अनुभव घेऊन टाकायचा.

या तत्त्वाची कसोटी लागली ती स्पिनमध्ये. विमानाचा वेग पडला आणि नाक वर राहिलं की पंखांवरून हवा सुरळीत वाहायची थांबते. त्या क्षणी एक पंख दुसऱ्याच्या आधी पडला तर विमान नाक खाली घालून स्वतःभोवती गरगरत जमिनीकडे सुटतं. आत बसलेल्याला समोर फिरणारी जमीन दिसते. नाक खाली आहे म्हटल्यावर माणसाचा हात उपजतच दांडा मागे ओढतो. नेमकी तीच चूक. दांडा मागे ओढल्यानं पंखांवरचा विस्कळीत प्रवाह तसाच राहतो आणि गरगर आणखी घट्ट होते. सुटका उलट्या वाटेनं आहे: गरगरण्याच्या विरुद्ध बाजूचा रडर दाबायचा, दांडा पुढे ढकलायचा, म्हणजे जमीन अंगावर येत असताना आणखी जमिनीकडे जायचं, वेग परत मिळवायचा आणि मग अलगद नाक उचलायचं. हे पुस्तकात वाचून जमत नाही, कारण पुस्तकात वाचलेलं त्या तीन-चार सेकंदांत भीतीनं पुसून जातं. गॉसपोर्टला शिक्षक शिकाऊला पुरेशा उंचीवर नेई, मुद्दाम विमान स्पिनमध्ये टाकी, बाहेर काढी. मग शिकाऊकडून काढवून घेई. मग शिकाऊनंच ते स्पिनमध्ये टाकायचं आणि काढायचं. चार-सहा वेळा हे झालं की ज्या गोष्टीनं रात्री झोप उडत होती ती नुसती एक युक्ती उरे. भीती धीर देऊन जात नाही, कारण कळलं की जाते, या एका वाक्यात त्या शाळेचं मानसशास्त्र सांगता येईल.

नळीची गोष्ट इथे येते. उघड्या विमानात इंजिनाच्या गर्जनेपुढे माणसाचा शब्द ऐकू येत नसे. शिक्षक हातवारे करी, पाठीत गुद्दे घाली, किंवा इंजिन क्षणभर बंद करून ओरडे. गॉसपोर्टला एक रबरी नळी वापरात आली. एका टोकाला शिक्षकाच्या तोंडाशी नरसाळं, दुसऱ्या टोकाला शिकाऊच्या टोपीतल्या कानांशी जोड. वीज नाही, यंत्र नाही. पण त्या नळीमुळे चूक होत असतानाच तिचं नाव घेता येऊ लागलं: आता रडर जास्त झाला, आता नाक वर चाललंय, आता सोड. खाली उतरल्यावर सांगितलेली चूक आणि घडत असताना दाखवलेली चूक यांत किती अंतर असतं ते कुठल्याही शिक्षकाला कळेल. ही नळी पुढे गॉसपोर्टच्याच नावानं ओळखली जाऊ लागली आणि दुसऱ्या महायुद्धातही अमेरिकेच्या शिकाऊ विमानांत तीच होती. विमान होतं अ‍ॅव्हरो ५०४. शंभर अश्वशक्तीच्या नोम मोनोसुपाप इंजिनाची त्याची ‘जे’ आवृत्ती स्मिथ-बॅरींनी सर्व धड्यांसाठी एकच विमान म्हणून निवडली. ते चपळ होतं, चूक केली तर लगेच जाब विचारणारं होतं आणि तरीही क्षमाशील होतं. फार्मन चूक झाकून ठेवी. अ‍ॅव्हरो ती उघडी पाडी. शिकवायला असंच विमान लागतं.

तिसरा आणि मला सर्वांत दूरगामी वाटणारा बदल शिक्षकाच्या प्रतिष्ठेचा. थकलेल्या वैमानिकाला विश्रांतीसाठी शिक्षक करायचं हे स्मिथ-बॅरींना मान्य नव्हतं. त्यांनी स्वतः पारखून माणसं गोळा केली, त्यांना आधी शिकवायला शिकवलं आणि मैदानात त्यांच्यावर पूर्ण विश्वास टाकला. हॅरल्ड बाल्फोर हा साठाव्या स्क्वॉड्रनमधला तरुण त्यांपैकी एक. पुढे दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटनच्या हवाई खात्याचा उपमंत्री होता. ऑगस्ट १९१७ मध्ये गॉसपोर्टच्या स्क्वॉड्रनचं रूपांतर ‘स्कूल ऑफ स्पेशल फ्लाइंग’मध्ये झालं आणि तिथे वैमानिक घडवण्याऐवजी वैमानिक घडवणारे घडवायचं काम सुरू झालं. ठिकठिकाणचे प्रशिक्षक तिथे येत, स्वतःच्या वाईट सवयी टाकत आणि आपापल्या शाळेत जाऊन नवी रीत रुजवत. १९१८ मध्ये त्याच धर्तीच्या शाळा शोरहॅम, रेडकार अशा ठिकाणी उघडल्या. शिक्षकांचं शिक्षण ही आज आपल्याला साधी गोष्ट वाटते. विमानविद्येत तिची पद्धतशीर सुरुवात इथे झाली.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की यातलं नवं काय? दुहेरी नियंत्रणाची विमानं आधीही होती. स्पिनमधून बाहेर येण्याची वाटही त्यांनी शोधलेली नाही. २५ ऑगस्ट १९१२ रोजी लार्कहिल इथे विल्फ्रेड पार्क या नौदलाच्या वैमानिकाचं अ‍ॅव्हरो विमान स्पिनमध्ये सापडलं. सगळे उपाय थकल्यावर त्यानं उलटा रडर दिला आणि जमिनीपासून जेमतेम पन्नास फुटांवर विमान सावरलं. १९१६ मध्ये फार्नबरोला फ्रँक गुडननं मुद्दाम स्पिन करून दाखवले आणि १९१७ च्या उन्हाळ्यात तिथेच फ्रेडरिक लिंडमन या शास्त्रज्ञानं स्वतः विमान चालवत स्पिनची मोजमापं घेतली. हे सगळं खरं आहे, आणि माझ्या म्हणण्याला ते बाधक नसून पोषक आहे. पार्कची सुटका १९१२ मध्ये छापून आली होती, तज्ज्ञांनी तिची चर्चा केली होती. तरीही पुढची चार वर्षं शाळांतून ‘स्पिन म्हणजे मरण’ हेच सांगितलं जात होतं. माहिती एका माणसाकडून हजार माणसांच्या हातात आपोआप जात नाही. तिला वाट करून द्यावी लागते, तिचे धडे पाडावे लागतात, क्रम लावावा लागतो, ती देणारा माणूस तयार करावा लागतो. शोध लावणाऱ्याचा मान पार्क, गुडन आणि लिंडमन यांचाच. पण एकोणीस वर्षांच्या सामान्य कुवतीच्या पोराला तो शोध पेलवेल असा करणं हे वेगळं काम आहे, आणि ते गॉसपोर्टला झालं.

दुसरा आक्षेप आकड्यांचा. गॉसपोर्टनं जीव वाचवले म्हणता, तर १९१८ मध्येही प्रशिक्षणात माणसं मरत होतीच की. मरत होती, हे मान्य करायला हवं. सॉपविथ कॅमलसारखी विमानं त्या वर्षी शिकाऊंच्या हाती आली. कॅमलचं सगळं वजन नाकाशी एकवटलेलं, त्यात फिरतं इंजिन. उजवीकडे वळताना नाक खाली जाई, डावीकडे वळताना वर. एका जागेचं विमान असल्यानं शिक्षक बरोबर बसू शकत नसे, म्हणून कॅमलनं अनेक शिकाऊंचे बळी घेतले. यावर उपाय काय निघाला ते मात्र पाहा. अपाव्हनला लुई स्ट्रेंज यांनी कॅमलमध्येच शिक्षकासाठी दुसरी जागा करून घेतली, म्हणजे गॉसपोर्टचंच तत्त्व. आकड्यांबाबत मी एक खबरदारीही घेईन. पहिल्या महायुद्धात प्रशिक्षणात आठ हजार ब्रिटिश वैमानिक मेले असा आकडा अनेक पुस्तकांत छापला जातो. मृतांच्या नोंदींशी ताडून पाहणारे अभ्यासक तो फुगवलेला मानतात. मोठा आकडा वापरून स्मिथ-बॅरींची थोरवी वाढवायची मला गरज वाटत नाही. मृत्यूंची नुसती बेरीज करण्यापेक्षा उड्डाणाचे किती तास झाले आणि त्यामागे किती मेले हे पाहणं रास्त. कॅनडात टोरोंटोजवळ आर्मर हाइट्सला १९१८ मध्ये गॉसपोर्टची रीत सुरू झाली, आणि तिथल्या शाळांत तासांच्या हिशेबात मृत्यूंचं प्रमाण त्या वर्षभरात उतरत गेलं. शिवाय शाळेबाहेरचा हिशेबही धरावा लागतो. एप्रिल १९१७ मध्ये अरासच्या लढाईत फ्लाइंग कोअरची सुमारे अडीचशे विमानं गेली, तीही बहुतांशी अपुऱ्या शिक्षणाच्या वैमानिकांसह. त्या महिन्याला इंग्रज आजही रक्ताळलेला एप्रिल म्हणतात.

तिसरा आक्षेप परिस्थितीवादी आहे. १९१७ च्या उत्तरार्धात अ‍ॅव्हरो विमानं मुबलक झाली, प्रशिक्षणाचे तास वाढले, पुरवठा सुधारला. सुधारणा या सगळ्यामुळे झाली, एका माणसाला कशाला डोक्यावर घ्यायचं? साधनांचा वाटा मी नाकारत नाही. अ‍ॅव्हरो ५०४ आठ हजारांहून जास्त बनली नसती तर गॉसपोर्टची रीत एका मैदानापुरती राहिली असती. पण इथे कालक्रम पाहायला हवा. अ‍ॅव्हरो ५०४ हे विमान १९१३ पासून होतं. युद्धाच्या पहिल्या वर्षी त्यानं बॉम्ब टाकण्याचंही काम केलं. ते सर्वोत्तम शाळा-विमान आहे हे तीन वर्षं सर्वमान्य झालं नाही, कारण धोका टाळायचा असेल तर संथ फार्मनच बरं वाटतं. हेतू बदलला तेव्हाच हे साधन नजरेत भरलं. आणि नुसते तास वाढवून भागलं असतं, तर सपाट हवेत सरळ उडण्याचे तास वाढले असते. शंभर तास सरळ उडालेला वैमानिक स्पिनमध्ये सापडला की पहिल्या तासाच्या वैमानिकाइतकाच असहाय असतो.

चौथा आक्षेप नैतिक आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. गॉसपोर्टचं शिक्षण शेवटी माणसं मारण्यासाठीच होतं. अशा मास्तरांना प्रेमानं का आठवायचं? शाळा युद्धाची होती, हे खरंच. १९२१ मध्ये कर्नल सेंपिल यांचं ब्रिटिश पथक जपानला गेलं आणि कासुमिगाउरा तळावर अ‍ॅव्हरो विमानांवर जपानी नौदलाच्या वैमानिकांना शिकवून आलं. वीस वर्षांनी त्या नौदलानं ब्रिटिशांच्याच युद्धनौका बुडवल्या. विद्या कुणाच्या बाजूनं लढेल हे शिक्षकाच्या हातात नसतं. मात्र शिकाऊ हा या हिशेबात कच्चा माल नव्हे, हे त्या युद्धात ठासून सांगणारे फार थोडे होते. सेनापती लाखांचे आकडे कागदावर मांडत असताना एक लंगडा मेजर एकेका पोराच्या तळहाताकडे आणि पायाच्या दाबाकडे लक्ष देत होता. आणि त्या धड्यांतला बंदुकीचा भाग बाजूला केला तर उरतं ते सगळं आज प्रवासी विमान चालवणाऱ्याला, शेतावर फवारणी करणाऱ्याला, हौशी वैमानिकाला तितकंच लागतं.

ही रीत आपल्यापर्यंतही आली. १९१७ मध्ये मोजक्या भारतीय तरुणांना फ्लाइंग कोअरचे दरवाजे उघडले: इंद्रलाल रॉय, हरदित सिंग मलिक, एरल सेन आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर. ज्या वर्षी ते इंग्लंडमध्ये शिकत होते, त्याच वर्षी तिथे शिकवण्याची तऱ्हा पालटत होती. रॉय यांचं विमान डिसेंबर १९१७ मध्ये कोसळलं. ते बरे झाले, पुन्हा प्रशिक्षण घेऊन परतले आणि जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांत दहा विजय मिळवून २२ जुलैला मारले गेले. वेलिणकर डॉल्फिन विमान उडवत असताना जूनअखेरीस जखमी होऊन जर्मनांच्या हाती पडले आणि तिथेच त्यांचा अंत झाला. पुढे १९२८ मध्ये जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लब निघाला. फेब्रुवारी १९२९ मध्ये जे.आर.डी. टाटांनी तिथूनच परवाना मिळवला. क्लबची मॉथ विमानं, मागोमाग दोन जागा, दोन्हीकडे दांडा आणि मधे बोलनळी, ही सगळी मांडणी गॉसपोर्टच्या वारशातली. स्वतंत्र भारतानं पहिलं शिकाऊ विमान स्वतः बांधायचं ठरवलं तेव्हा त्याची आखणी डॉ. विष्णु माधव घाटगे या मराठी अभियंत्यानं केली. ते एचटी-२, १९५१ मध्ये बंगळुरूत पहिल्यांदा उडालेलं, मागोमाग दोन आसनांचं, दुहेरी नियंत्रणाचं आणि कसरतींना पुरेसं मजबूत. हवाई दलाच्या पिढ्याच्या पिढ्या त्यावर शिकल्या. तांबरमची फ्लाइंग इन्स्ट्रक्टर्स स्कूल, जिथे वैमानिकांना शिक्षक बनवतात, तीही १९१७ च्या त्या कल्पनेचीच वारसदार.

स्वतः स्मिथ-बॅरी मात्र या विस्ताराच्या बाहेरच राहिले. कागदपत्रं आणि कचेरीचे शिष्टाचार यांचा त्यांना तिटकारा होता. मोठ्या हुद्द्यावर रमण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. एअर फोर्स क्रॉस मिळाला आणि युद्ध संपताच त्यांनी दल सोडलं. दुसरं महायुद्ध पेटल्यावर पन्नाशी उलटलेला हा माणूस पुन्हा गणवेश चढवून हजर झाला. १९४९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांचं निधन झालं. त्यांच्या लहरीपणाकडे बोट दाखवून कुणी म्हणेल की रीत टिकली ती नंतरच्या शिस्तबद्ध अधिकाऱ्यांमुळे. टिकवलं त्यांनीच, यात वाद नाही. पण शिस्तीची माणसं दलात १९१६ मध्येही भरपूर होती आणि त्यांनी नकारांची यादी इमानेइतबारे राबवली होती. यादी फाडायला शिस्तीपेक्षा वेगळा गुण लागला. मोडलेल्या पायांवर उभं राहून, चूक माझ्यासमोर कर, मी बाजूला बसलोय, असं म्हणणारा शिक्षक लागला.

युद्धांचे इतिहास आपण अजूनही पाडलेल्या विमानांच्या संख्येनं लिहितो. न पडलेल्या विमानांची यादी कधी करता येत नाही, म्हणून स्मिथ-बॅरींच्या वाट्याला पुतळे आले नाहीत. तरी निवाडा करायचाच तर तो असा: त्या युद्धानं आकाशात पाठवलेल्या नामांकित योद्ध्यांपैकी एकाचीही लढण्याची तऱ्हा आज जशीच्या तशी कुणी शिकवत नाही. गॉसपोर्टच्या मास्तरांनी घालून दिलेला क्रम, म्हणजे आधी दाखवा, मग बरोबर बसून करवून घ्या, मग एकट्यानं करू द्या, जगातल्या प्रत्येक उड्डाणशाळेत आजही पहिल्या दिवसापासून पाळला जातो.